चढवलेला कमठा

शिडवाकाका आमच्या अंगणात आला की आधी कमठ्याची दोरी सोडायचा आणि मग पाणी मागायचा. ऊन कितीही असो. घसा वाळून आवाज फुटत नसला तरी क्रम हाच. कमठा म्हणजे त्याचं धनुष्य. बांबूचं, त्याच्या खांद्याला लागेल एवढं उंच, मधोमध मुठीच्या घामानं काळं पडलेलं. खालचं टोक तो पायाशी रोवायचा, गुडघ्यानं कमठ्याचं पोट दाबायचा आणि वरच्या टोकावरून दोरीचा फास अलगद काढायचा. बांबू सुटून सरळ व्हायचा, मग हा माझ्या आईला हाक मारायचा, "दे गो बाय, आता पानी दे."

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. एकदा विचारलं, "काका, आधी पाणी पी ना. दोरी काय पळून जातेय?"

"मी थांबतो बाय. तो थांबत नाय. ताणून ठेवला का मरतो."

"लाकूड कसं मरेल?"

"मरतो. मंग दोरी सोडली तरी वाकडाच ऱ्हातो. तो मेलेला कमठा."

आमची वाडी निर्मळला. केळी, थोडा मोगरा, बांधावर चाफा. शिडवा यायचा महामार्गापलीकडच्या डोंगराखालच्या पाड्यावरून. वारली माणूस. आमचं कुंपण दुरुस्त करायचं, घडाच्या ओझ्यानं कललेल्या केळींना टेकू द्यायचे, ही त्याची कामं. कमठा मात्र बरोबर असायचाच. वडील त्याला "ए शिडव्या" म्हणायचे, आई "शिडवा" म्हणायची, आणि मी एकटीच "काका" म्हणायचे, म्हणून माझ्यावर त्याचा लोभ. माझ्या वडिलांपेक्षा तो चांगला दहा वर्षांनी मोठा होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं आणि त्या "ए शिडव्या"ची लाज वाटली. आता वाटून काय उपयोग!

माणूस अंगानं काडी. खुर्चीवर कधी बसला नाही. "खुर्चीत बसला का मानूस खोटा बोलतो," हे त्याचं मत. का, ते विचारलं तर हसायचा. बांबू तोडायचा तो अमावास्येच्या आसपासच, एरवीचा किडतो म्हणून. तोडण्याआधी त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावायचा आणि नापास झालेल्या बांबूला अस्सल शिवी हासडायचा. त्याच्याकडे एकामागून एक चार कुत्रे झाले, चौघांचं नाव मोती. मी म्हटलं, काका, निदान नाव तरी बदल. तर म्हणाला, "कुत्रा मरतो, हाक बी कशाला मारायची?"

पण ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसले ती गोष्ट वेगळी आहे. त्याच्या घरात एक चाल होती. सगळ्या वारल्यांत आहे का ते मला माहीत नाही, त्याच्या घरात होती. शिकारीहून परत आलेल्यानं उंबरठ्याबाहेर उभं राहायचं, दोरी चढवलेला कमठा समोर उभा धरायचा, दोरीवर हात ठेवायचा आणि काय मारलं ते मोठ्यानं सांगायचं. कुठं मारलं, नर की मादी, पोटात पिल्लू होतं की नव्हतं, सगळं. मग दोरी सोडायची, मग वाटे पाडायचे. त्या दोरीवर हात असताना खोटं बोलायचं नाही आणि काही दडवायचंही नाही. विचारलेलं असो वा नसो.

ही चाल मी डोळ्यांनी पाहिली. आमच्या शेजारी पास्कूबाबा राहायचे. त्यांच्या कोंबड्या मुंगूस नेत होतं. शिडवानं मुंगसावर नेम धरला आणि मधे आली पास्कूबाबांची लाडकी कोंबडी. कुणी पाहिलं नव्हतं. मेलेली कोंबडी केळीच्या पानाखाली सारली असती तर आळ मुंगसावरच गेला असता. पण हा बाबा कोंबडी हातात घेऊन त्यांच्या दारात गेला, कमठा उभा धरला आणि वाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मी शिडवा. कोंबडी मारली. तुमची. मादी. पोटात अंडा व्हता."

पास्कूबाबा आधी तोंडाला येईल ते बोलले. मग डोक्यावर हात मारून म्हणाले, "अरे येड्या, आम्ही असलं काय ते चर्चात जाऊन फादरच्या कानात सांगतो. तू गावभर बोंबलतोस!" आणि कोंबडी त्यालाच देऊन टाकली. शिडवानं दोरी सोडली आणि पाणी मागितलं.

आम्ही पोटभर हसलो होतो. तेव्हा हसलो, हेच मला आता टोचतं.

शिकारीला बंदी असल्याचं पाड्यावर नीट पोहोचलं तेव्हा तो ऐन भरात होता. कुरकुर केली नाही. "सरकारनं सांगला नको, तं नको," एवढंच. त्यानंतर त्यानं बाणाचं पातं कशाच्या अंगात घातल्याचं मी ऐकलं नाही. वडवाघळं उडवायला बोथट टोकाचे बाण वापरायचा, तेवढंच. कमठा ठेवला. तो त्याच्या बापानं त्याच्यासाठी केलेला होता, आणि मेल्यावर त्याच्या शेजारी सरणावर जायचा होता. दोरी सोडलेला, सरळ. बापाचा असाच गेला, आज्याचा असाच गेला. त्याचं आयुष्यात एवढंच मागणं होतं आणि ते त्यानं कुणाकडे मागितलेलं नव्हतं, कारण ते मागावं लागेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

लग्नानंतर मी महामार्गाच्या बाजूला, मनवेलपाड्यात आले. शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झाले. निर्मळची वाडी भावांनी वाटून घेतली. शिडवाकाका आता मला जवळ पडायचा, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी टपकायचा. कधी करटुली, शेवळं असल्या रानभाज्या घेऊन, कधी नुसताच. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनशी त्याचं पहिल्याच दिवशी वाजलं.

"ये हथियार है बाबा, अंदर नहीं जाएगा."

काकानं शांतपणे दोरी सोडली आणि कमठा त्याच्या हातात दिला. "घे. आता काठी हाय. उभी नको ठेवू, आडवी ठेव." पुढच्या वेळेपासून वॉचमन स्वतःच खुर्चीमागे जागा करून ठेवायचा.

आणि एक दिवस तो घडी घालून घालून मऊ झालेला कागद घेऊन आला. पाड्यावर कुणाच्या तरी मोबाईलवर आलेला, कुणीतरी छापून दिलेला. नियमांचा मसुदा होता. डोंगराभोवतीचा पट्टा राखीव होणार, त्यात काय चालेल आणि काय नाही याची यादी. मी चष्मा लावून मोठ्यानं वाचत गेले. एका कलमापाशी थांबले. पट्ट्यातल्या वस्तीत धनुष्यबाण, फासे, जाळी अशी शिकारीची पारंपरिक साधने बाळगण्यास मनाई. खालच्या ओळीत सवलत होती : नोंदणीकृत सफारी केंद्रांना पर्यटकांसमोर प्रदर्शनासाठी अशी साधने ठेवता येतील.

"म्हंजे?" काका म्हणाला.

"म्हणजे घरात कमठा ठेवायचा नाही. सफारीवाल्याकडे ठेवला तर चालेल."

त्यानं कागद उलटा करून बघितला. मग म्हणाला, "तिथं तं मी जाऊन आलो."

ते मला नवीन होतं. महामार्गाच्या पलीकडे एक रिसॉर्ट झालं होतं, शनिवार-रविवारी उघड्या जीपमधून लोकांना जंगलाच्या कडेनं फिरवायचं. तिथल्या मॅनेजरनं काकाला बोलावून घेतलं होतं. कामाला लावायचं म्हणून आधी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला : आफ्रिकेत कुणी पैसेवाला, हातात चाकं लावलेलं धनुष्य, शेजारी आडवा पडलेला सिंह. तिकडे शिकारीची सफारी असते, पैसे भरून मारायला मिळतं, हे मॅनेजरनं समजावलं.

"मी इचारला, मंग खाल्ला का त्यानं? तं बोलला, नाय, मुंडका घरी नेला, भिंतीला लावाया. मी बोललो, मंग पाड्याला काय दिला?"

"मग?"

"मंग तो हसला. मला कोंबड्याची पिसा दिली, डोक्याला लावाया. आनी समोर ठेवला धरमाकोलचा डुकर. त्याला मार बोलला, मानसं टाळ्या पिटतील. मी बोललो, खायाचा नाय तं मारायचा कशाला?" पिसं त्यानं मॅनेजरच्याच टेबलावर ठेवली आणि घरी आला. मला हे सांगताना तो त्या दिवशी पहिल्यांदा हसला आणि आम्ही दोघांनी चहा घेतला.

मसुद्याच्या शेवटी लिहिलं होतं की कुणाची हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यावी, आणि सुनावणीला यावं. झालं! माझ्यातली बाई जागी झाली. जन्मभर पोरांना अर्जाचा नमुना शिकवलेला. मी दोन पानी हरकत लिहिली. 'सदर धनुष्य हे शिकारीचे साधन नसून कौटुंबिक वारसा आहे, अंत्यविधीसाठी आवश्यक आहे', असं काय काय. अक्षर मोत्यासारखं. त्याचा अंगठा घेतला, आवक शिक्का मारून घेतला आणि वर त्याला बजावलं, "सुनावणीला कमठा घेऊन ये. साहेबांना बघू दे. आणि जे विचारतील ते खरं खरं सांग."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण हात त्याचा होता आणि दाखवायला मी लावला.

सुनावणी एका हॉलमध्ये होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंखे, टेबलामागे वनखात्याचा तरुण साहेब. साहेब वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. वाईट असता तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यानं काकाला बसायला सांगितलं, काका बसला नाही. साहेबानं माझा अर्ज वाचला आणि म्हणाला, "आजोबा, अर्जात लिहिलंय की हे शिकारीचं साधन नाही. बरोबर?"

काकानं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं कमठा पायाशी रोवला, गुडघ्यानं दाबला आणि दोरी चढवली. मला वाटलं, साहेबाला कसा चढवतात ते दाखवतोय. दोरीवर हात ठेवला तेव्हा तो काय करणार ते मला कळलं. मी उठले, "काका, थांब—" म्हटलं. पण तो आता माझं ऐकणार नव्हता.

"मी शिडवा," तो म्हणाला. आवाज तोच, पास्कूबाबांच्या दारातला. "बायनी लिवला ता खरा नाय. ह्यो शिकारीचाच. बापानं शिकारीसाठी केला." आणि तो सांगत गेला. ओहोळाच्या वरच्या अंगाला ससे. माळावर तितर. डुक्कर, नर, चौघांनी मिळून. साळिंदर. कुठला दगड, कुठलं झाड, तेसुद्धा. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. साहेब म्हणाला, "आजोबा, पुरे. एवढं सांगायची गरज नाही." काका थांबला नाही. चाल तशीच होती, विचारलेलं असो वा नसो.

शेवटी म्हणाला, "आनी एक भेकर. मादी. पोटात पिल्लू व्हता. मला दिसला व्हता पोट. दिसला तरी सोडला बाण. बायको बाळंतीन व्हती, घरात काय नव्हता. ह्या मी कुनाला सांगला नव्हता. दारात सांगाया पायजे व्हता, तवा तोंड उघडला नाय."

मला वाटतं, तो हॉलमध्ये आला होता तो यासाठीच. कमठा वाचवायला मी गेले होते. त्याला त्या कमठ्यापुढे राहिलेलं एक खोटं फेडायचं होतं, आणि सरकार विचारतंय म्हटल्यावर त्याला ते दारच वाटलं असावं.

साहेबानं पेन खाली ठेवलं. शेजारचा कारकून सगळं लिहून घेत होता. बाजूला बसलेल्या कुणा वरिष्ठानं साहेबाच्या कानात काही सांगितलं. साहेब म्हणाला, "शिकारीची कबुली रेकॉर्डवर आलीय हो बाई. माझा नाइलाज आहे." वयाकडे बघून काकाला अटक केली नाही. कमठा तेवढा जप्त केला.

काका दोरी सोडायला वाकला. शिपायानं त्याचा हात धरला. "हात लावायचा नाही आता."

"नुस्ती दोरी सोडतो. मंग घे."

"जसं आहे तसं जमा करायचं असतं, बाबा."

पंचनामा झाला. 'एक नग धनुष्य, बांबूचे, दोरी चढवलेल्या स्थितीत.' पंच म्हणून दोन सह्या हव्या होत्या. एक सही माझी आहे. मला वाटलं, आपण सही केली तर आपल्याला पुढे काहीतरी बोलता येईल. कपाळ माझं!

त्यानंतर त्यानं कमठा परत मागितला नाही, हे कुणाला खरं वाटणार नाही. "मी मारला, तं त्यांनी नेला, बराबर हाय," म्हणायचा. मागणं एकच राहिलं. "बाय, दोरी सोडाया सांग. तिथंच ठेवा म्हनावा. पन सोडा." मी अर्जावर अर्ज लिहिले. आता भाषा साधी केली, नमुने-बिमुने विसरले. उत्तर आलं तेव्हा एकच यायचं : जप्त मुद्देमालात कोणताही फेरफार करता येत नाही. एकदा मी कचेरीत जाऊन भांडले. फास काढायचा आहे, बॉम्ब नाही, म्हटलं. कारकून बिचारा म्हणाला, "मॅडम, सील आहे. प्रकरण वर गेलंय. नियम फायनल झाले की सगळं एकदम बघतील."

नियम फायनल झाले नाहीत. मसुदा अजून मसुदाच आहे. रिसॉर्टच्या स्वागतकक्षात मात्र रंगवलेली दोन धनुष्यं भिंतीवर आडवी लावलीयत, लोक त्यांच्याखाली उभं राहून फोटो काढतात.

काका दर सोमवारी पाड्यावरून चालत कचेरीपर्यंत यायचा. मुद्देमालाच्या खोलीला मागच्या बाजूला गजांची खिडकी होती. तिथून बाजूच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला कमठा दिसायचा, मधोमध लाखेचं सील, पिवळं लेबल. हा गज धरून उभा राहायचा. कारकुनाला सवय झाली. "काय आजोबा, आहे ना जागेवर?" तो म्हणायचा. काका म्हणायचा, "हाय. पन थकला."

जप्तीनंतरचा दुसरा पावसाळा संपला तेव्हा मीही एकदा त्याच्या शेजारी उभी राहिले. "दोरी बघ," तो म्हणाला, "सैल पडली. आधी वाजायची." मला फरक दिसला नाही. मी म्हटलं, "काका, अजून जिवंत असेल रे." त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तसलं काही बोलले नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते यंदाच्या आंब्यांच्या दिवसांत. पुढे दोन महिन्यांत तो गेला, आणि मला कळेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्या दिवशी मी आणखी एक अर्ज द्यायला कचेरीत गेले होते. काका बाहेर भेटला, खांद्यावर लांबलचक आकडी, आंबे उतरवायची, टोकाला विळा बांधलेला. मी म्हटलं, कुठं निघालास, आंबे काढायला? तो तसाच इमारतीच्या मागे गेला.

मी आत टेबलासमोर उभी. दुपारची सुट्टी होत आलेली, कारकून शिक्का शोधत होता. त्याच्या पाठीमागे मुद्देमालाच्या खोलीचं जाळीचं दार. त्या जाळीतून मला दिसलं की पलीकडच्या खिडकीतून आकडीचं टोक आत येतंय. हळूहळू, डुगडुगत. एवढ्या लांबीचा बांबू त्या वयात पेलणं सोपं नव्हतं. मी पंच होते. ओरडायला हवं होतं, कायद्यानं तरी. मी कारकुनाला विचारलं, "तुमच्या मुली आता कितवीत?" तो सांगायला लागला.

विळा दोरीला लागला. एकदा सरकला. पुन्हा लागला. आणि दोरी तुटली.

निर्मळच्या अंगणात शंभरदा पाहिलेलं मला पुन्हा दिसणार होतं. बांबू सुटेल, भिंतीवर आपटेल, सील फुटेल, कारकून दचकून उठेल, मग आम्हां दोघांना जे व्हायचं ते होवो.

काही झालं नाही. कमठा हलला नाही. दोरी नसताना तसाच वाकून राहिला, खिळ्यावर, सीलसकट. आकडी खिडकीतून बाहेर गेली. मग कारकुनानं मागे वळून एक नजर टाकली, त्याला सगळं जागच्या जागी दिसलं. तुटकी दोरी खाली लोंबत होती, तीही त्याच्या नजरेत आली नाही. त्यानं माझ्या अर्जावर शिक्का मारला.

मी धावत मागे गेले. काका खिडकीपाशी आकडी टेकवून उभा होता. घामानं निथळत होता, ओठ पांढरे पडले होते, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती, ती मी हातात घेऊन उभी राहिले. दोरी सुटली होती. आता तो मागेल म्हणून मी वाट बघत राहिले.

त्यानं आकडी उचलून खांद्यावर घेतली आणि महामार्गाच्या दिशेनं चालायला लागला. पाणी मागितलं नाही.